मासळीला दोष, पोटाला अभय

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका गोव्याला लागून आहे. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात विखुरलेल्या या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम पन्नास हजारांच्या घरात आहे. कुंभारवाडा हे त्यातलेच एक गाव. या परिसरात कुणबी समाजाची वस्ती मोठी आहे. भाताचा तुकडा, रानातली पायवाट आणि परसातले कंद यांच्या आधारावर इथल्या पिढ्या जगल्या. कणगी, कोनफळ, मुडली अशा कंदांची ओळख अजून इतकी जिवंत आहे की जोयड्यात त्यांचा खास मेळा भरतो. गोव्यातील वाचकाला हा मुलूख परका नाही. बोली, देवदेवता आणि सोयरिकी यांनी तो सीमेच्या अलीकडच्या सांगे, धारबांदोडा आणि काणकोणशी जोडलेला आहे.

अलीकडच्या काळात या नात्याला रोजगाराचा धागा जोडला गेला. जोयड्यातील अनेक तरुण कामासाठी दांडेली, कारवार आणि गोव्याची वाट धरतात. रानात दिवसभर चालणारे पाय मग यंत्रापुढे, हॉटेलच्या काउंटरमागे किंवा पहारेकऱ्याच्या खुर्चीत स्थिरावतात. हाती नियमित पगार येतो, जेवणाच्या वेळा बिघडतात, संध्याकाळी बियरची बाटली उघडली जाते आणि पट्ट्याचे भोक एकेक करून पुढे सरकते. चाळिशीच्या आसपास एखाद्या रात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकू लागतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. रक्ततपासणीत युरिक ॲसिड आठच्या घरात निघते आणि ठरलेला सल्ला मिळतो: मासळी बंद, डाळ बंद, पालक-टोमॅटो बंद. पोटाच्या घेराचा विषय मात्र क्वचितच निघतो.

हा सल्ला अगदीच निराधार नाही, पण त्याचा क्रम उलटा आहे. गेल्या दोन दशकांतील संशोधन एकाच दिशेला बोट दाखवते. रक्तातील युरिक ॲसिडचा संबंध ताटातील एखाद्या पदार्थापेक्षा शरीरात, त्यातही पोटात, साठलेल्या चरबीशी अधिक घट्ट आहे. भात, डाळ आणि मासळीवर चालणाऱ्या घरात डाळ-मासळी तोडणे म्हणजे प्रथिनांचा स्वस्त आधारच काढून घेणे. त्या बदल्यात आजार आटोक्यात येईल याची शाश्वती मात्र मिळत नाही.

चरबी आणि युरिक ॲसिडचे नाते

युरिक ॲसिड हे विष नव्हे. पेशींच्या केंद्रकातील प्युरीन नावाच्या घटकांची मोडतोड झाली की शेवटी ते उरते. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज नावाचे विकर त्याचे पुढे विघटन करते. मानवाने उत्क्रांतीच्या प्रवासात हे विकर गमावले. त्यामुळे तयार झालेले युरिक ॲसिड बाहेर टाकण्यावरच शरीराची भिस्त राहते. सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडावाटे आणि उरलेला आतड्यांवाटे जातो. रक्तातील प्रमाण दर शंभर मिलिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की ते विरघळलेले राहू शकत नाही. सांध्यांत त्याचे सुईसारखे स्फटिक जमू लागतात आणि त्यांच्याविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा पेटून उठली की गाऊटचा झटका येतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शरीरातील युरिक ॲसिडपैकी सुमारे एक तृतीयांशच अन्नातून येते. बाकीचे शरीर स्वतःच्या पेशींच्या घडामोडींतून निर्माण करते. म्हणून केवळ पथ्य पाळून मोठा फरक पडत नाही.

पोटातली चरबी हे गणित दोन्ही बाजूंनी बिघडवते. आतड्यांभोवती साठणारी चरबी निमूट पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात. तिथे मेद घडवण्याचे काम वाढते आणि त्याच रासायनिक वाटेने प्युरीनचे उत्पादनही वाढते. दुसरीकडे, ही चरबी शरीराला इन्सुलिनबद्दल बधिर करते. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते आणि वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडाला युरिक ॲसिड रक्तात परत ओढून घ्यायला लावते. म्हणजे आवक वाढते आणि निचरा तुंबतो. कातडीखालची चरबी मुख्यतः निचऱ्यावर परिणाम करते, तर पोटाच्या आतली चरबी उत्पादनही वाढवते, असा भेद जपानमधील अभ्यासांतून पुढे आला आहे.

गोड पेये आणि मद्य या आगीत तेल ओततात. साखरेतील फ्रुक्टोज यकृतात जिरताना पेशींतील ऊर्जा झपाट्याने खर्च होते आणि त्या खर्चाचा शेष युरिक ॲसिडच्या रूपाने उरतो. मद्यामुळे मूत्रपिंडाचा निचरा मंदावतो, तर बियरमध्ये स्वतःचे प्युरीनही असते. ही दोन्ही पेये शेवटी कमरेवरही बसतात, हा तिसरा तोटा.

मासळी किती दोषी?

मासळीला पूर्ण निर्दोष ठरवता येणार नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ४७,१५० पुरुषांचा १२ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यांतील ७३० जणांना या काळात गाऊट झाला. सर्वाधिक मासळी खाणाऱ्यांत धोका सुमारे दीडपट होता आणि मांसाबाबतही जवळपास तेवढाच. मात्र वाटाणे, कडधान्ये, पालक, फ्लॉवर, अळंबी अशा प्युरीनयुक्त शाकाहारी पदार्थांचा धोक्याशी संबंध आढळला नाही. कमी स्निग्धांशाचे दूध आणि दही घेणाऱ्यांत तर धोका कमी होता. अहवाल हाती पडताच डाळ बंद करण्याच्या सल्ल्याला या निष्कर्षांतून आधार मिळत नाही.

याच पुरुषांच्या वजनाचा हिशेब २००५ मध्ये मांडण्यात आला. देहभार निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २५ ते ३० च्या दरम्यान असलेल्यांत गाऊटचा धोका जवळपास दुप्पट निघाला. ३५ च्या पुढे तो तिपटीच्या जवळ गेला. उलट, ज्यांनी साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवले, त्यांचा धोका ३९ टक्क्यांनी घटलेला दिसला.

दोन्ही बाजू एकाच तराजूत घालणारा अभ्यास २०२० मध्ये आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील १४,६२४ प्रौढांच्या नोंदी तपासून, वाढलेल्या युरिक ॲसिडपैकी किती वाटा कोणत्या टाळता येण्याजोग्या कारणाकडे जातो हे काढण्यात आले. जास्तीच्या वजनाचा वाटा ४४ टक्के निघाला. आरोग्यदायी आहार न घेण्याचा वाटा ९ टक्के, मद्याचा ८ टक्के आणि लघवी वाढवणाऱ्या औषधांचा १२ टक्के होता. हे आकडे अमेरिकेचे आहेत, गोव्याचे किंवा जोयड्याचे नव्हेत. पण पलीकडच्या सांध्याचा दोष बाजारातल्या बांगड्यावर ढकलण्याआधी ते विचारात घ्यावेच लागतात.

प्रकृतीचा म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा याहून वेगळा मोजावा लागतो, आणि तो आहाराच्या वाट्यापेक्षा कितीतरी मोठा असल्याचे २०१८ मधील अभ्यासाने दाखवले. ज्याच्या घरात गाऊट आहे, त्याने स्वतःला खादाड समजून खजील होण्याचे कारण नाही. बदलता येणाऱ्या कारणांत मात्र कंबर सगळ्यांत पुढे उभी आहे.

वजनकाटा का फसवतो?

आता अडचण येते ती मोजण्याची. कुंभारवाड्याहून गोव्यात आलेला तरुण काट्यावर उभा राहिला तर बहुधा लठ्ठ ठरणार नाही. हातपाय काटकुळे, चेहरा उतरलेला, फक्त पोट पुढे. या शरीराचा अभ्यास मराठी मुलुखातच झाला आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, म्हणजे काट्याच्या लेखी दोघे सारखेच. प्रत्यक्षात युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. एकाच आकड्याआड दुपटीहून अधिक चरबी दडलेली होती.

याची मुळे गर्भापर्यंत जातात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती महिलांचा अभ्यास सुरू केला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी आणि अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी आयुष्याने घडवलेले हे शरीर सुबत्ता आली की जास्तीचे अन्न चटकन पोटात साठवते.

राष्ट्रीय आकड्यांतही हीच तफावत दिसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देहभार निर्देशांकानुसार २४ टक्के महिला स्थूल किंवा जादा वजनाच्या ठरल्या. कंबर आणि नितंब यांचे गुणोत्तर लावले तेव्हा मात्र ५६.७ टक्के महिला आणि ४७.७ टक्के पुरुष धोक्याच्या पट्ट्यात आले. काटा ज्यांना सोडून देतो, अशांची ही फौज आहे.

म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये कमरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि महिलांसाठी ८० सेंटिमीटर ठरवली. जानेवारी २०२५ मध्ये भारतीयांसाठीच्या सुधारित मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांतही पोटाच्या चरबीला आणि तिच्यामुळे होणाऱ्या आजारांना निदानात मध्यवर्ती स्थान मिळाले. त्याच महिन्यात ‘लॅन्सेट’च्या आंतरराष्ट्रीय आयोगाने केवळ देहभार निर्देशांकावरून लठ्ठपणा ठरवू नये, कमरेचा घेर किंवा चरबीचे प्रत्यक्ष मापन जोडीला घ्यावे, अशी शिफारस केली. पुढच्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटवण्याचे आवाहन केले. तेल हा या प्रश्नाचा एक भाग झाला. साखर, मद्य, बैठे काम आणि अपुरी झोप हे भागही तितकेच खरे आहेत.

श्रीमंतांचा रोग सामान्यांच्या घरी

आयुर्वेदात गाऊटशी मिळताजुळता विकार वातरक्त या नावाने येतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्याला ‘आढ्यवात’ असेही नाव आहे. आढ्य म्हणजे धनवान. ज्यांना चालावे लागत नाही आणि खायला भरपूर मिळते, त्यांचा हा रोग, अशी जुनी समजूत या नावात साठलेली आहे. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने सांधेदुखीची घरोघर पाहणी झाली. तेव्हा सांधे दुखणारे पुष्कळ सापडले, पण गाऊटचे रुग्ण हजारात एखाददुसरेच होते. कष्टकरी खेड्यात आढ्यवात अजून पोचलेला नव्हता.

पुढे काय घडते याचे उत्तर स्थलांतरितांच्या अभ्यासाने दिले. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर येथील कारखान्यांतील खेड्यांतून आलेले कामगार आणि गावीच राहिलेली त्यांची भावंडे यांची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. गावी राहिलेल्या पुरुषांत लठ्ठपणा १९ टक्के होता, शहरात आलेल्यांत ३७.८ टक्के. मधुमेह गावी ६.२ टक्के, तर स्थलांतरितांत १४.३ टक्के. एकाच आईबापाची मुले, एकच आनुवंशिकता, पण राहणी बदलली आणि प्रमाण दुप्पट झाले. कुंभारवाड्यातून गोव्यात येणारा तरुण याच वाटेवरचा प्रवासी आहे.

तो ज्या राज्यात येतो, ते राज्य या बाबतीत आधीच काळजीचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के आहे. मधुमेह, रक्तदाब, यकृतातील चरबी आणि वाढलेले युरिक ॲसिड ही एकाच घरातली भावंडे आहेत आणि त्यांचा सामाईक पत्ता म्हणजे कंबर.

पट्टी घरोघर पोचली आहे

या चर्चेत दिलासा देणारी एक बाब आहे. मोजमापासाठी नव्या यंत्राची गरज नाही. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आरोग्य कार्यकर्त्या जो तक्ता भरतात, त्यात कमरेच्या घेराची नोंद आहेच. पुरुषांत ९० सेंटिमीटरपर्यंत शून्य गुण, १०० पर्यंत एक, त्यापुढे दोन. महिलांत हेच टप्पे ८० आणि ९० चे. वय, तंबाखू, मद्य, व्यायाम आणि कुटुंबातील आजार यांचे गुण त्यात मिळवून एकूण चारच्या वर गेले की तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे असते. दुर्गम वस्त्यांपासून वास्कोच्या चाळींपर्यंत कागद हाच आहे.

उणीव आहे ती या आकड्याच्या वापरात. तक्त्यातली कंबर मधुमेह आणि रक्तदाबाच्या दारापर्यंत पोचते. सांधेदुखी घेऊन बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसाच्या केसपेपरवर ती क्वचितच उमटते. तिथे वजन लिहिले जाते, रक्तदाब लिहिला जातो, युरिक ॲसिडचा आकडा चिकटवला जातो. त्याच्या शेजारी कमरेचा आकडा लिहायला अर्धे मिनिट लागेल आणि पथ्याचा सल्ला कुठून सुरू करायचा हे त्यावरून ठरेल.

दुसरी फट सीमेवरची आहे. कामासाठी गोव्यात आलेल्याचे नाव कर्नाटकातील कुटुंबाच्या यादीत असते, पण आशा घरी येते तेव्हा तो तिथे नसतो. गोव्यात तो भाड्याच्या खोलीत राहतो आणि दिवसभर कामावर असतो. दोन्ही राज्यांत यंत्रणा असूनही तो दोन्हींच्या हातून निसटतो. औद्योगिक वसाहती, हॉटेले आणि बांधकामाच्या जागांवर वर्षातून एकदा कंबर, रक्तदाब आणि साखर मोजणे हा यावरचा साधा उपाय आहे. डिजिटल आरोग्य ओळखपत्रामुळे तीच नोंद गावच्या केंद्रातही पाहता यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पट्टी लावण्याची रीतही नीट हवी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, पट्टी सपाट धरून, सहज श्वास सोडल्यावर मोजायचे. विजारीचा आकडा हे माप नव्हे, कारण विजार पोटाखाली नेसली जाते. आणखी सोपा निकष म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला मग ऐंशी हा आकडा लक्षात ठेवावा लागतो. रोजगारासाठी बाहेर पडलेल्या बारीक अंगकाठीच्या माणसाला हा निकष काट्यापेक्षा लवकर सावध करतो.

सगळा दोष पोटाचा नव्हे

पोट सपाट असूनही युरिक ॲसिड वाढलेले असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवे. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, कमी मात्रेतील ॲस्पिरिन आणि क्षयरोगावरील पायराझिनामाइड ही औषधे युरिक ॲसिड वाढवतात. मूत्रपिंड मंदावले तरी तेच होते. काणकोण तालुक्यात नेमके कारण हाती न लागलेल्या मूत्रपिंडविकाराची चर्चा कित्येक वर्षे चालू आहे. त्या पट्ट्यातील सडसडीत माणसाचे युरिक ॲसिड वाढलेले दिसले तर क्रिॲटिनिन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. महिलांना रजोनिवृत्तीपर्यंत इस्ट्रोजेन हे संप्रेरक काहीसे संरक्षण देते. त्यानंतर त्यांच्यातही प्रमाण वाढू लागते.

केवळ अहवालातला आकडा वाढला म्हणून आयुष्यभराची गोळी सुरू होते, असे नाही. कोणताही त्रास नसताना बहुतेकांना औषध लागत नाही, अशीच अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०२० ची भूमिका आहे. वारंवार झटके येत असतील तर मात्र औषध नियमित घेऊन प्रमाण सहाच्या खाली ठेवावे लागते. त्या रुग्णाने ‘पोट कमी करतो’ म्हणून गोळ्या सोडणे घातक ठरेल. घाईने वजन उतरवणेही उलटते. कडक उपासात शरीरात तयार होणारी कीटोन द्रव्ये युरिक ॲसिडचा निचरा अडवतात आणि नेमका तेव्हाच झटका येऊ शकतो. महिन्याला एक-दोन किलोंची संथ घट, भरपूर पाणी, गोड पेये आणि बियर यांना निरोप, हाच खात्रीचा मार्ग.

रानाशी नाते असलेल्या घरांसाठी आणखी एक इशारा आवश्यक आहे. गाऊटच्या झटक्यावर दिले जाणारे कोल्चिसीन हे द्रव्य पावसाळ्यात पश्चिम घाटात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असते. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत इथे फारच थोडे अंतर आहे. कळलावीचा कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवतो. कणगी आणि मुडली ओळखणाऱ्या जाणत्या हातांनाही हा प्रयोग करण्याची मुभा नाही.

कुंभारवाड्याच्या मागच्या पिढीला पोटाचा घेर मोजण्याची गरज पडली नाही, कारण चढउतारच तो राखत होते. त्या कष्टांचे गोडवे गाऊन कोणी मागे फिरणार नाही, आणि फिरावे असे सांगण्याचा कोणाला अधिकारही नाही. नवा रोजगार हवाच आहे. त्यासोबत येणाऱ्या आजाराची खूण वेळेवर पटावी, इतकीच अपेक्षा आहे. ती खूण मासळीच्या ताटलीत शोधत बसलो तर गरिबाच्या घरातले प्रथिन जाईल आणि पोट जागच्या जागी राहील. आरोग्य कार्यकर्त्यांच्या पिशवीतली पट्टी केसपेपरपर्यंत पोचवणे हे दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांना आजच्या आज जमण्यासारखे काम आहे.